नोहाचा जलप्रलय: अक्षरशः घ्यावा की कथा म्हणून वाचावा?

नोहाची गोष्ट पुन्हा सांगत बसत नाही. तारू, जोडीजोडीनं आत जाणारे प्राणी, चाळीस दिवसांचा पाऊस, कबुतर आणि ढगांतलं धनुष्य, हे चर्चमध्ये वाढलेल्याला तोंडपाठ असतं आणि न वाढलेल्याच्याही कानावर असतं. मी हे लिहितोय ते ज्यांना आता ही गोष्ट दुसऱ्या कुणाला शिकवायची आहे त्यांच्यासाठी. किंवा ज्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं जेवता जेवता सरळ विचारलंय, ‘बाबा, हे खरंच झालं होतं का?’, आणि उत्तर देणं भाग आहे. आमच्या मंडळीत बरीच वर्षं संडे स्कूल घेतो. ही गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, आहे. त्याचे सहा ते नऊ हे चार अध्याय मी दोन्ही तऱ्हांनी, अक्षरशः आणि कथा म्हणून, शिकवले आहेत. म्हणून जे लिहितोय ते अनुभवाचं आहे. कुणाचा अनुभव याच्या उलट असेल, तर त्यालाही मी नाही म्हणणार नाही.

पर्याय तसे तीन. पहिला असा की लिहिलंय तसंच सगळं घडलं: सगळी पृथ्वी बुडाली आणि आज जिवंत असलेलं सगळं त्या तारवातून उतरलं. दुसरा, पूर खरा पण आजच्या इराकमधल्या तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यापुरता. तिसरा, ही प्राचीन पूर्वेच्या जगातली कथा आहे. देवाबद्दल आणि माणसाबद्दल ती खरं सांगते, पण पाऊस-पाण्याची नोंद ठेवणं हे तिचं काम नाही. ‘कथा’ म्हटलं की ‘खोटं’ असंच ज्याला ऐकू येतं, त्याच्या गळी हा तिसरा पर्याय उतरत नाही. त्याची अडचण मला समजते, आणि तिच्याबद्दल पुढे बोलणार आहे.

अक्षरशः घेणाऱ्यांचं बळ

पहिल्या पर्यायाला हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं जमत नाही. माझी आजी त्याच पर्यायात जगली. पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचायची. सातव्या अध्यायात परमेश्वरानं नोहाला आत घेऊन दार लावलं असं वचन आहे, तिथं आली की थांबायची. ‘दार त्यानं लावलंय, म्हणजे आतल्यांची काळजी त्याची,’ म्हणायची. तारवाच्या लांबी-रुंदीची तिला कधी गरज पडली नाही. तिची श्रद्धा माझ्यापेक्षा उणी होती असं म्हणायची माझी छाती नाही.

या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा म्हणजे खुद्द प्रभू येशूचे शब्द. मत्तयाच्या २४व्या अध्यायात तो नोहाच्या दिवसांची आठवण देतो: लोक खात-पीत होते, लग्नं करत होते, आणि पूर येऊन वाहून नेईपर्यंत त्यांना पत्ता लागला नाही. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासानं जगलेल्यांमध्ये नोहाचं नाव आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तारवातले आठ जण बाप्तिस्म्याच्या संदर्भात येतात. ‘प्रभूनं ज्याचा दाखला दिला त्याला तुम्ही कथा म्हणता?’ असं कुणी विचारलं तर झटकून टाकता येत नाही.

शिवाय मजकूर पाहावा तर नोंदवहीसारखा नेटका. नोहाच्या वयाचं ६००वं वर्ष, दुसरा महिना, १७वा दिवस. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. तीन मजले, बाजूला दार, आतून-बाहेरून डांबर. इतकं बारीक कुणी उगाच लिहील का, असं वाटणं स्वाभाविक आहे.

हा वाद डार्विननंतर सुरू झाला अशी एक समजूत आहे, तीही सोडून द्यावी. दुसऱ्या शतकातच, मंडळीनं पाखंडी ठरवलेल्या मार्सियनचा शिष्य अपेलीस म्हणाला होता की या मापाच्या तारवात चार हत्तीच मावतील. त्याला तिसऱ्या शतकात ऑरिजन या ख्रिस्ती पंडितानं उत्तर दिलं की मोशेनं धरलेला हात हा नेहमीचा नसून भूमितीतला मोठा हात होता. पुढचा मोठा धर्मपंडित बिशप ऑगस्टीन प्रलय घडला असंच मानतो, पण नुसता इतिहास काढणारे आणि नुसता गूढार्थ काढणारे, दोघांनाही तो अपुरे ठरवतो. लांबच्या बेटांवर लांडगे पोचले कसे, या प्रश्नाशीही तो प्रामाणिकपणे झगडतो. म्हणजे आज आपल्या मुलांना पडणारे प्रश्न मंडळीच्या आरंभकाळापासून विचारले जात आहेत. ते विचारल्यानं कुणी अविश्वासू ठरत नाही.

दगड काय म्हणतात

१६५०मध्ये आर्चबिशप जेम्स अशरनं बायबलमधल्या वंशावळींची बेरीज करून प्रलय इसवी सनापूर्वी २३४८च्या सुमारास बसवला. पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात हे आकडे छापले गेले आणि वचनांइतकेच पक्के वाटू लागले. अडचण अशी, की त्याच सुमारास इजिप्तमध्ये सक्कारा इथं उनास राजाच्या पिरॅमिडच्या भिंतींवर मंत्र कोरले जात होते. त्याच्या पाठोपाठ सहावं राजघराणं बसलं, तीच लिपी, तीच भाषा, तेच देव घेऊन. मध्ये सगळी माणसं बुडाल्याची कुठं खूण नाही.

भूगर्भाचा निकाल तर पाद्र्यांनीच दिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑक्सफर्डचा विल्यम बकलंड दीक्षित पाळक होता. यॉर्कशायरमधल्या कर्कडेल गुहेत तरसांची हाडं सापडली, तेव्हा १८२३मध्ये त्यानं प्रलयाच्या बाजूनं पुस्तक लिहिलं. केंब्रिजचा अॅडम सेज्विक हाही दीक्षित, तोही त्याच मताचा. पण जगभरातला गाळ आणि खडी एकाच पुराची नाही हे पुराव्यानं दिसू लागलं, आणि सेज्विकनं १८३१मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून भर सभेत आपलं आधीचं मत जाहीरपणे मागे घेतलं. बकलंडनंही पुढे ते सोडलं. तेव्हा डार्विनचं पुस्तक यायला २८ वर्षं होती, आणि ते आल्यावर सेज्विकनं त्याला कडाडून विरोध केला. देवावर विश्वास असलेल्या माणसांनी दगड नीट पाहिले आणि जे दिसलं ते सांगितलं, इतकं सरळ आहे हे.

आपल्याला यॉर्कशायरला जायची गरज नाही. सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात गाडी बाजूला घ्यावी आणि रस्त्यासाठी कापलेला कडा पाहावा. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक, आणि काही थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा. लाव्हा ओतला, थंड झाला, उघड्यावर ऊन-पाऊस खात त्याची माती झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. वर्षभराच्या पुराखाली हे जमणारं काम नाही. पाण्याखाली ओतलेला लाव्हा उशांसारखा गोळ्यागोळ्यांनी थिजतो. आपला दख्खन बहुतांशी तसा नाही. मुंबईत वरळीला दोन थरांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये तिथं तळं साचून त्यात बेडूक नांदण्याइतकी उसंत मिळाली होती. हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.

मला नडलं ते

तरीही मी दगडांमुळे बाजू घेतली नाही. ‘देवाला काय अशक्य आहे?’ या एका वाक्यानं सगळ्या दगडांना उत्तर देता येतं. ज्याचा देवावर विश्वास आहे त्याला ते वाक्य खोडून काढता येत नाही, आणि मलाही काढायचं नाही.

मला नडलं ते वेगळंच होतं आणि ते वर्गात नडलं. अक्षराला धरून चालू असं म्हणणारी ही वाचनाची तऱ्हा प्रत्यक्षात अक्षर सोडूनच चालते. घडतं कसं ते सांगतो. फळ्यावर तारवाचं चित्र काढायचं, हाताचे फूट करायचे: ४५० लांब, ७५ रुंद, ४५ उंच. मुलं खूश. मग एक जण विचारतो, ‘दादा, मासे का नाही मेले?’ दुसरी विचारते, गोड्या पाण्यातले मासे खाऱ्या पाण्यात राहिले कसे. तारू अरारातच्या डोंगरांत टेकलं, मग कांगारू ऑस्ट्रेलियापर्यंत पोचले कसे आणि वाटेत कुठंच का राहिले नाहीत. डायनोसॉर होते का. एवढं पाणी आलं कुठून आणि गेलं कुठं. मुलांचे प्रश्न चांगलेच असतात. पण यातल्या एकाचंही उत्तर त्या चार अध्यायांत नाही.

मग उत्तरं बाहेरून आणावी लागतात. १९६१मध्ये व्हिटकोम आणि मॉरिस या दोन अमेरिकन लेखकांनी प्रलयाच्या बाजूनं मोठा ग्रंथ लिहिला आणि आजची बहुतेक तयार उत्तरं त्या घराण्यातली आहेत. पृथ्वीभोवती वाफेचं आवरण होतं, ते कोसळलं. पुढे त्याच पंथातल्या अनेकांनी ही कल्पना सोडून दिली. डोंगर तेव्हा बुटके होते, नंतर उंचावले. डायनोसॉरांची पिल्लं नेली. सगळे प्राणी नेले नाहीत, प्रत्येक प्रकारातली एक मूळ जोडी नेली, आणि काही शतकांत तिच्यातून आजच्या सगळ्या जाती फुटल्या. हे शेवटचं ऐकताना तर मी थबकलो, कारण इतक्या झपाट्यानं जाती बदलतात असं उत्क्रांतीवालेही म्हणत नाहीत. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या विल्यम्सटाउनला २०१६मध्ये ५१० फूट लांबीचं तारू उभं केलं आहे. मेहनत थक्क करणारी आहे. पण त्यातले पिंजरे, पाण्याची सोय, हवेची सोय, आतल्या माणसांच्या खोल्या, हे सगळं आजच्या माणसांनी कल्पनेनं भरलेलं आहे. उत्पत्तीत त्यातलं जवळजवळ काही नाही.

दुसरीकडे, जे लिहिलेलं आहे ते मात्र अक्षरशः घेतलं जात नाही. सातव्या अध्यायात खालच्या महासागराचे झरे फुटतात आणि वर आकाशाची दारं उघडतात. ही त्या काळची विश्वाची मांडणी आहे: वर पाणी, मध्ये घट्ट आकाश, खाली पाणी. आज अक्षरशः वाचणारा कुणीही आकाशाला खरी दारं आहेत असं मानत नाही. तिथं तो ‘ही बोलण्याची रीत आहे’ म्हणतो. मग बोलण्याची रीत या वचनात आहे आणि पुढच्या वचनात नाही, हे ठरवायचं कुणी? सहाव्या अध्यायात प्रत्येक प्राण्याची एक जोडी, सातव्याच्या सुरुवातीला शुद्ध प्राण्यांच्या सात-सात, आणि लगेच पुढे शुद्ध-अशुद्ध सगळेच दोन-दोन करून आत जातात. याची सांगड घालता येते. पण सांगड घालणारा आपल्या पदरचं काहीतरी घालतोच.

आणि चमत्कार म्हणावं, तर मजकूर चमत्काराची घाई करत नाही. आठव्या अध्यायात देव वारा सोडतो, पाणी हळूहळू ओसरतं, कबुतर एकदा रिकामं परत येतं, दुसऱ्यांदा जैतुनाचं कोवळं पान आणतं, तिसऱ्यांदा परतत नाही. जिथं हिशेब जुळतो तिथं हिशेब आणि जिथं अडतो तिथं चमत्कार, असं करत गेलं की लेखकानं इतक्या सबुरीनं लिहिलेल्या या तपशिलांना काही कामच उरत नाही.

या सगळ्यात वर्गाची वेळ संपते. मला खरा त्रास झाला तो इथं. सहाव्या अध्यायात लिहिलंय की माणसाच्या मनातले विचार नित्य वाईटच आहेत हे पाहून देवाच्या अंतःकरणाला दुःख झालं. आणि आठव्या अध्यायाच्या शेवटी, सगळं बुडून झाल्यावर, देव म्हणतो की माणसाच्या मनातल्या कल्पना बालपणापासून वाईट असतात, तरी यापुढे मी भूमीला शाप देणार नाही. कारण तेच आहे. ज्या कारणासाठी प्रलय आणला, तेच कारण तसंच उरलेलं असताना देव पुन्हा न आणायचं ठरवतो. माणूस बदलला नाही. प्रलयानं तो सुधारला नाही, आणि देव स्वतःला करारानं बांधून घेतो. सगळ्या कथेचा भार या दोन वचनांवर आहे. फुटांचा हिशेब करताना आम्ही इथपर्यंत कधी पोचायचोच नाही. मुलं घरी जाऊन ४५० फूट सांगायची.

स्थानिक पुराचा मधला मार्ग

याच्यावर फार वेळ घेत नाही. तो मला आधी आवडला होता, कारण त्यात विज्ञानाशीही भांडण नाही आणि पवित्र शास्त्राशीही. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुलीला १९२९मध्ये त्याच खोऱ्यातल्या ऊर या प्राचीन शहरात खोदताना जाड गाळाचा थर लागला आणि प्रलय सापडल्याची बातमी जगभर झाली. पण शेजारच्या एरिदूत तसा थर नाही. किश आणि शुरुप्पाक या तिथल्याच जुन्या शहरांतले पुराचे थर ऊरच्या थराच्या काळाशी जुळत नाहीत. त्या खोऱ्यात पूर वेगवेगळ्या काळी आले, आणि त्यातल्या एखाद्याची आठवण कथेत मुरली असेलही. मला ते शक्य वाटतं.

पण वाचनाची तऱ्हा म्हणून हा मार्ग दोन्हीकडून अपुरा पडतो. खोऱ्यापुरताच पूर होता तर नोहानं तारू बांधण्याऐवजी डोंगराकडे चालायला लागायचं होतं, आणि पाखरं आत घेण्याचं तर काहीच कारण नव्हतं. त्याहून मोठी अडचण कराराची आहे. ‘पुन्हा असा पूर आणणार नाही’ हे वचन जर एका खोऱ्यातल्या पुराबद्दल असेल, तर ते कितीदा मोडलं याची मोजदाद करावी लागेल. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

कथा म्हणून वाचताना काय हाती लागतं

३ डिसेंबर १८७२ रोजी ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथनं लंडनमध्ये एक निबंध वाचला. निनवेच्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या विटांवर त्याला मेसोपोटेमियाच्या, म्हणजे त्याच तैग्रिस-युफ्रेटिसच्या प्रदेशातल्या, गिल्गमेश महाकाव्यातली पुराची गोष्ट सापडली होती: देवांचा बेत, नाव, वादळ, डोंगरावर टेकणं, कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडणं, शेवटी यज्ञ. तिथलीच अत्राहासिस नावाच्या माणसाची पुराची गोष्ट तर आणखी जुनी आहे. श्रद्धावान माणसाला याचा धक्का बसतो, पण माझ्यासाठी इथूनच उत्पत्ती उजळली. ऐकणाऱ्यांना कथा आधीच माहीत होती, इब्री लेखकानं ती वेगळी सांगितली, आणि ज्या जागी तो वेगळा वळतो तिथं त्याचं म्हणणं आहे.

त्या कथांत एन्लिल देव माणसांच्या गोंगाटानं झोपमोड होते म्हणून उठतो. एक देव बुडवतो आणि दुसरा चोरून कुडाच्या भिंतीआडून सावध करतो. वादळ पाहून देवच कुत्र्यांसारखे अंग चोरून बसतात, आणि पुरानंतर यज्ञाच्या वासानं भुकेले होऊन माश्यांसारखे जमतात. उत्पत्तीत बुडवणारा आणि वाचवणारा एकच आहे. त्याला राग येण्याआधी दुःख होतं. कारण गोंगाटाचं नाही, हिंसेचं आहे: पृथ्वी जुलमानं भरली होती. यज्ञाचा वास इथंही आहे, पण त्यातून निघतं ते पुढचं अभयवचन. हा फरक गिल्गमेश शेजारी ठेवल्याशिवाय दिसतच नाही.

आपल्याकडे कुणी ना कुणी मनूच्या माशाची आठवण काढतोच, आणि काढावी. शतपथ ब्राह्मणात मासा मनूला सावध करतो, नाव त्याच्या शिंगाला बांधली जाते आणि उत्तरेच्या डोंगराशी लागते. तिथं पूर का आला हे सांगितलेलंच नाही. पाप नाही, न्याय नाही, करार नाही. मुद्दा मनूपासून पुन्हा प्रजा कशी झाली आणि यज्ञाचं त्यात काय स्थान, हा आहे. प्रत्येकजण पुराची कथा आपल्याला जे सांगायचं त्यासाठी सांगतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. अक्षरशः वाचताना हेच आकडे हिशेबात अडकवायचे. कथा म्हणून वाचताना ते बोलू लागले. ओळीनं लिहून पाहा: ७ दिवस वाट पाहणं, पुन्हा ७, मग ४० दिवस पाऊस, १५० दिवस पाणी. मग उलट: १५० दिवस, ४०, ७, ७. मजकूर चढतो तसाच उतरतो, आणि बरोबर मधोमध, आठव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात, ‘देवाने नोहाची आठवण केली’. फळ्यावर मुलांनी स्वतः हा जिना काढला, तेव्हा मधल्या पायरीवर काय लिहायचं हे मला सांगावं लागलं नाही.

तारखाही पाहा. दुसऱ्या महिन्याच्या १७ला सुरुवात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या २७ला जमीन कोरडी. चांद्रवर्षाचे ३५४ दिवस आणि वर ११, म्हणजे ३६५, पूर्ण सौरवर्ष. आपल्याकडे याच अकरा दिवसांच्या फरकापायी अधिक मास धरावा लागतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही बेरीज परकी वाटू नये. मधले पाच महिने मात्र १५० दिवसांचे, म्हणजे तीस-तीसचे धरलेले दिसतात, ते चांद्रमासांशी जुळत नाहीत, हेही सांगायला हवं. तरी लेखकाच्या मनात एक पुरतं वर्ष होतं असंच मला वाटतं: पाणी वर-खाली विभागून झालेली निर्मिती उलटी फिरते, सगळं पुन्हा पाण्याखाली जातं, पुन्हा पाण्यावर वारा वाहतो, आणि ‘फलद्रूप व्हा’ हा पहिल्या अध्यायातला आशीर्वाद नवव्यात पुन्हा येतो.

‘आज नोहा सोडला, उद्या पुनरुत्थान सोडाल’

ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणारी माणसं बहुधा सगळ्यांत प्रामाणिक असतात. मला मिळालेलं उत्तर असं. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा पुनरुत्थित प्रभूला पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं सांगतो. म्हणजे, जाऊन विचारा. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच म्हणतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा आपण मुळापासून शोध केला आहे. उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय असा दावाच करत नाहीत. ज्या पुस्तकानं साक्षीदार उभे केले त्याला साक्षीनं तपासावं, ज्यानं कथा सांगितली त्याला कथेनं. प्रभू येशूनंही नोहाचा दाखला देताना तारवाची मापं काढली नाहीत. लोक गाफील होते, एवढ्यावरच त्यानं बोट ठेवलं, आणि तो दाखला दोन्ही वाचनांत सारखाच लागतो. कॅथलिक बांधवांना तर १९४३मध्ये पोप बारावे पायस यांनीच प्राचीन लेखकांचे साहित्यप्रकार ओळखून वाचा असं सांगितलं आहे. आम्हा प्रोटेस्टंटांना असं वरून कुणी सांगत नाही, म्हणून ठरवण्याचं ओझं आपल्यावर जास्त येतं.

तिसऱ्या पर्यायात उणं नाही असं नाही. तो नीट हाताळला नाही तर इंद्रधनुष्य आणि गोंडस प्राणी एवढंच उरतं आणि न्यायाची धार जाते. बुडणाऱ्या लेकरांचं काय, या प्रश्नाला कथा म्हटल्यानं उत्तर मिळत नाही. माझ्यापाशी त्याचं पुरतं उत्तर नाही. आणि लहान मुलाला ‘हे झालं नव्हतं’ असं पहिल्याच दिवशी सांगणं मला क्रूर वाटतं. दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना मी गोष्ट गोष्टीसारखीच सांगतो, खरी की खोटी याची चर्चा तेव्हा काढत नाही. ती स्वतः विचारतात तेव्हा टाळाटाळही करत नाही.

आणखी एका अनुभवानं माझं मत पक्कं केलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली, २०२१च्या जुलैत चिपळूण आणि महाड. त्या दिवसांत एका उपासनेत मी उपदेश ऐकला: नोहाच्या काळासारखंच हे पापाचं फळ आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या नातलगांच्या घरात गळ्याइतका चिखल होता. सगळेच अक्षरशः वाचणारे असं बोलत नाहीत, माझी आजी तर कधीच बोलली नसती. पण आठव्या आणि नवव्या अध्यायातली वचनं खरोखर अक्षरशः घेतली, तर पूर हे शस्त्र देवानं खाली ठेवलं आहे असंच तिथं लिहिलंय. त्या दिवशी पूरग्रस्तांवर पाप लादणारा आणि त्यांच्या बाजूनं उभा राहणारा, दोघांच्याही हातात तेच चार अध्याय होते, आणि पाठ कुठवर वाचायचा एवढाच फरक होता.

म्हणून ठरवणाऱ्याला माझा सल्ला असा. तुमच्या घरात आजीसारखं वाचणारं कुणी असेल तर त्याचं वाचन हिरावून घेऊ नका, तिथं जिंकण्यासारखं काही नाही. वर्ग घ्यायचा असेल किंवा मुलीला उत्तर द्यायचं असेल, तर चारही अध्याय एका बैठकीत मोठ्यानं वाचा, निदान एकदा तरी मापांवर न थांबता. मग ६:५-६ आणि ८:२१ ही वचनं एकाखाली एक लिहून मुलांना विचारा, दोन्हींत सारखं काय आणि वेगळं काय. माझ्या वर्गात आता पहिला तास यावरच जातो. फूट किती ते कुणी विचारलंच तर तेही सांगतो, आणि अपेलीसचे चार हत्तीही.